थोरल्याला पाच शिलिंग, धाकट्याला अख्खी शेती: वसाहतकाळातल्या अमेरिकन शेतकऱ्याची वाटणी

प्रश्न असा आला आहे: "आमच्या अमेरिकन सुनेच्या माहेरच्या एका पूर्वजाचे १७४१ सालचे मृत्युपत्र हाती लागले. मॅसॅच्युसेट्समधला शेतकरी. बायकोला घराची पूर्वेकडची खोली, एक गाय आणि 'विधवा राहील तोवर' दाणागोटा. थोरल्या मुलाला फक्त पाच शिलिंग. मधल्याला दहा पौंड आणि हत्यारे. धाकट्याला सगळे घर आणि शेती. तीन मुलींना प्रत्येकी वीस पौंड, तेही धाकट्या भावाने चार वर्षांत द्यायचे. थोरल्यावर बापाचा राग होता का? आणि बायकोला, मुलींना इतके कमी का?"

मी गेली बरीच वर्षे न्यू इंग्लंडमधली, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि आसपासच्या वसाहतींमधली प्रोबेट-दप्तरे (मृत्युपत्रे आणि वारशाची वाटणी यांची कोर्टातली कागदपत्रे) वाचण्याचेच काम करते. या मृत्युपत्रात रागाची खूण मला कुठेही दिसत नाही. त्या काळच्या शेतकऱ्याची वाटणी वीस-तीस वर्षे चालत असे आणि मृत्युपत्र म्हणजे तिचा शेवटचा हप्ता. आपल्या हातात तेवढाच हप्ता येतो, म्हणून हिशेब तिरपा दिसतो. आधीचे हप्ते दुसऱ्या दप्तरांत असतात. ते कुठे शोधायचे तेही पुढे सांगते, पण आधी कायदा काय होता ते पाहू.

मराठी वाचकाच्या मनात वडिलोपार्जित जमिनीचे एक चित्र पक्के असते: मुलगा जन्माला आला की त्याचा हक्क जन्माला आला. मिताक्षरेची ही कल्पना तिथे अजिबात नव्हती. इंग्रजी कायद्याने जमीन बापाच्या एकट्याच्या मालकीची, मग ती त्याने स्वतः घेतलेली असो की आजोबांकडून आलेली. जिवंत असताना ती विकायला किंवा मृत्युपत्राने कुणालाही द्यायला तो मोकळा होता. त्याला खरी अडवणूक एकच होती, बायकोचा 'डावर' नावाचा हक्क. मुलगा पंचविशीचा झाला, बापाबरोबर दहा वर्षे नांगर धरला, तरी बापाने लिहून दिल्याशिवाय त्या जमिनीतला एक गुंठाही त्याचा नसे. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावातले पहिल्या पिढीचे बाप मुलांना लग्नानंतर घर बांधायला आणि कसायला जमीन देत, पण खत मात्र करून देत नसत. मुलगा चाळिशीला आला तरी कागद बापाच्या पेटीत. बापाचा धाक म्हणा किंवा म्हातारपणाची काळजी म्हणा, या एका सवयीत दोन्ही होते.

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर वाटणी कायद्याने होई. इथे न्यू इंग्लंड इंग्लंडपासून स्पष्ट वेगळे होते. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी बिनमृत्युपत्राची सगळी जमीन थोरल्या मुलाला. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी (तिथे वसलेल्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी) १६४१ च्या आपल्या पहिल्या संहितेतच लिहून ठेवले की थोरल्याला दुप्पट वाटा आणि बाकीच्या मुलांना एकेक. आधार बायबलचा, त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायाचा. मुलगे नसतील तर मुली समान वारस. नवऱ्याने बायकोसाठी पुरेसे ठेवले नाही तर तिने तक्रार करावी आणि तिला न्याय मिळावा, असेही एक कलम त्याच संहितेत आहे. १६९२ च्या कायद्याने हे अधिक नेमके झाले: जंगम मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला कायमचा, स्थावराचा एक तृतीयांश तिच्या हयातीपुरता, आणि उरलेले मुलांमध्ये, थोरल्याला दोन वाटे धरून. आपल्याकडच्या स्मृतिग्रंथांतही थोरल्याला जादा अंश देण्याची चर्चा आहे, म्हणून मराठी माणसाला हे फार परके वाटू नये.

समजावण्यासाठी काही सोपे आकडे घेते. समजा जमीन २१० पौंडांची, जंगम ९० पौंडांचे, कर्ज ३० पौंड आणि मुले चार. कर्ज आधी जंगमातून फिटते, उरले ६०. त्यातले २० विधवेचे. राहिलेल्या ४० चे पाच वाटे: तीन मुलांना आठ-आठ, थोरल्याला सोळा. जमिनीपैकी ७० पौंडांचा तुकडा विधवेकडे हयातीपुरता. उरलेल्या १४० मधून तिघांना अठ्ठावीस-अठ्ठावीस, थोरल्याला छप्पन्न. विधवा गेल्यावर तिचा तुकडा पुन्हा याच प्रमाणात वाटला जाई, म्हणजे तिघांना आणखी चौदा-चौदा आणि थोरल्याला अठ्ठावीस. शेवटी थोरल्याच्या पदरात १०० पौंड, इतरांच्या ५०.

कागदावर हे नीट बसते. रानात बसत नाही. न्यू इंग्लंडची शेती म्हणजे एका बांधाने घेरलेले सलग शिवार नव्हते. घराभोवतीची जागा, थोडी नांगराखालची जमीन, दगडधोंड्यांचे चराऊ रान, गवताचे ओले कुरण, समुद्राजवळच्या गावात खाडीकाठचे खारट गवत, शिवाय दूर कुठेतरी सरपणाचे रान. आणि गावाच्या अजून न वाटलेल्या सामाईक जमिनीत एखादा हक्क. साठ-सत्तर एकरांची शेती ऐकायला मोठी वाटते, पण नांगराखाली त्यातली थोडीच. कुरण नसेल तर लांब हिवाळ्यात गुरे जगत नाहीत, गुरे नसतील तर शेणखत नाही, आणि सरपण नसेल तर माणसेही जगत नाहीत. अशा शेतीचे पाच तुकडे केले तर पाचही कुटुंबे उपाशी. हे कायद्यालाही कळत होते. तुकडे केल्याने सगळ्याचीच नासाडी होत असेल तर अख्खी जमीन पंचांनी ठरवलेल्या किमतीला थोरल्याला द्यावी, तो नको म्हणाला तर त्याच्या पाठच्या मुलाला, आणि घेणाऱ्याने भावंडांना त्यांचे पैसे चुकते करावेत, अशी सोय होती. महाराष्ट्रात तुकडेबंदीचा कायदा १९४७ मध्ये आला. तीच अडचण तिथल्या प्रोबेट न्यायाधीशांसमोर अडीचशे वर्षांपूर्वी प्रत्येक बैठकीला उभी असे.

मृत्युपत्र करणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच कोडे सोडवायचे असे: शेती मोडायची नाही, पण एकाही मुलाला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. त्यावरचा तोडगा वर्षानुवर्षे चाले. थोरल्याचे लग्न झाले की त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाचे रान बक्षीसपत्राने द्यायचे, किंवा नव्याने वसणाऱ्या एखाद्या गावात हक्क विकत घेऊन द्यायचा. मधल्याला सुताराकडे, कातडे कमावणाऱ्याकडे किंवा लोहाराकडे उमेदवारीला ठेवायचे. मुलीला लग्नात पिसांची गादी, चादरी, कथलाची भांडी, गाय असे देऊन पाठवायचे आणि किती दिले ते वहीत लिहून ठेवायचे. धाकटा सगळ्यांत शेवटी वयात येतो. तोवर बाप साठीला पोचलेला, हातात जोर नाही. म्हणून धाकटा घरी राहतो, आईबापांना सांभाळतो आणि अखेरीस मूळ घर त्याला मिळते. तुमच्या मृत्युपत्रात नेमकी हीच मांडणी दिसते.

आता ते पाच शिलिंग. मॅसॅच्युसेट्समध्ये १७०० च्या सुमाराला असा नियम झाला होता की मृत्युपत्रात ज्या मुलाला काहीच दिलेले नाही, त्याला मृत्युपत्र नसते तर मिळाला असता तो वाटा मागता येईल. मागे खरेच विसरून राहिलेल्या किंवा बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाचे त्यामुळे भले झाले. पण ज्याने आपला वाटा आधीच घेतला होता, तोही उद्या दारात उभा राहू शकत होता. म्हणून बाप त्याचे नाव घेऊन किरकोळ रक्कम लिहून ठेवी. 'त्याचा वाटा त्याला पूर्वीच दिला आहे' हे वाक्य पुष्कळदा सोबत असते, कधी नसतेही. तुमच्या प्रतीत ते नसले म्हणून घाबरू नका. शब्दांची खरी तपासणी जमिनीच्या खतांमध्ये होते.

याचे सगळ्यांना तपासून पाहता येईल असे उदाहरण म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावचे डीकन (चर्चचे पदाधिकारी) जॉन ॲडम्स. शेतकरी, हिवाळ्यात जोडे शिवणारे, गावच्या चर्चचे आणि कारभाराचे मानकरी. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स हे त्यांचे थोरले चिरंजीव, म्हणून हे घराणे आपल्याला ठाऊक. डीकन १७६१ च्या मे महिन्यात फ्लूच्या साथीत गेले. मुलगे तीन: जॉन १७३५ चा, पीटर बॉइलस्टन १७३८ चा, एलिहू १७४१ चा. कायद्याच्या हिशेबाने थोरल्या जॉनला मूळ घर आणि मोठा वाटा मिळायला हवा होता. पण राहते घर आणि त्याभोवतीची शेती गेली मधल्या पीटरकडे. जॉनच्या वाट्याला शेजारचे दुसरे घर आणि सुमारे ४० एकर जमीन आली. कारण उघड होते. जॉन १७५५ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडला होता आणि वकिली करत होता. त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च हाच त्याचा उचललेला हप्ता. त्या घरात ही रीत आधीपासूनच होती: डीकनांचे थोरले भाऊ जोसेफही हार्वर्डला शिकून न्यू हॅम्पशरमधल्या न्यूइंग्टनला धर्मोपदेशक झाले, आणि ब्रेनट्रीची शेती सांभाळायला धाकटे मागे राहिले.

जॉनला मिळालेल्या वाट्याला कमी लेखू नये. त्या ४० एकरांमुळे तो गावात जमीनमालक झाला, गावसभेत त्याच्या शब्दाला वजन आले आणि लवकरच रस्त्यांच्या देखरेखीचे काम त्याच्या अंगावर पडले. पुढे १७७४ मध्ये त्याने पीटरकडून मूळ घर, कोठार, ३५ एकर आणि आणखी १८ एकर चराऊ रान ४४० पौंडांना विकत घेतले. बापाने शहाणपणाने केलेल्या वाटणीनंतरही जन्मघराची ओढ माणसाला किती असते, ते या एका व्यवहारात दिसते. दोन्ही घरे आज क्विन्सी शहरात (तेव्हाच्या ब्रेनट्रीत) राष्ट्रीय वारसा म्हणून जपली आहेत आणि एकमेकांच्या शेजारीच उभी आहेत. बॉस्टनकडे गेलात तर जरूर पाहा. दोन घरांमधले अंतर चालून पाहिले की त्या काळी 'वाटा' किती जवळजवळ मांडलेला असे ते कळते.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग: बायकोची खोली.

लग्न झाल्यावर इंग्रजी कायद्याने स्त्रीची स्वतंत्र कायदेशीर ओळख नवऱ्यात विरघळून जाई. तिने माहेरून आणलेले जंगम नवऱ्याचे होई. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्रही करता येत नसे. म्हणून या दप्तरांत मृत्युपत्रे बहुतेक पुरुषांची, आणि स्त्रियांची असलीच तर विधवांची किंवा अविवाहितांची. नवरा गेला की तिच्या हाती येई तो डावर, म्हणजे जमिनीचा एक तृतीयांश, तोही हयातीपुरता. तो विकता येत नसे, मुलांपैकी कुणाला जादा देता येत नसे. पण त्याची एक ताकद होती: नवऱ्याच्या सावकारांना त्याला हात लावता येत नसे. मृत्युपत्रात दिलेले तिला अपुरे वाटले तर ते नाकारून ती डावर मागू शकत होती. तुमच्या कागदासोबत विधवेची अशी काही नोंद आहे का ते आवर्जून पाहा. ती असेल तर तुमच्या सुनेच्या त्या आजीने कोर्टात उभे राहून नवऱ्याच्या शब्दाला नाही म्हटले होते, आणि तिच्याबद्दलची तेवढीच एक गोष्ट कदाचित कागदावर उरली असेल.

डावर मोजून देण्यासाठी कोर्ट गावातले जमीनदार पंच नेमत. त्यांचे अहवाल वाचताना माझे मन दर वेळी थांबते. ते जमीन मोजतातच, पण घरही मोजतात. पश्चिमेकडची खाली-वरची खोली तिची. तळघराचा अर्धा भाग तिचा. भाकरी भाजायची भट्टी वापरायचा हक्क, विहिरीवर जायची वहिवाट, पुढच्या दारातून आणि जिन्यावरून येण्याजाण्याची वाट, कोठाराचा एक तृतीयांश. ज्या घरात तिने तीस वर्षे चूल सांभाळली, त्याच घरात भट्टीकडे जाण्याची वाट आता पंचांनी लिहून द्यायची. मृत्युपत्रांत नवरे हेच आधी लिहून ठेवत: मक्याचे आणि राय नावाच्या धान्याचे इतके बुशेल (धान्याचे माप), इतके डुकराचे मांस, सफरचंदाच्या सायडरची इतकी पिंपे, दोन गायी हिवाळा-उन्हाळा सांभाळून द्यायच्या, रविवारी प्रार्थनेला जायला घोडा, आणि चुलीला बसेल अशा लांबीचे सरपण तोडून दारात आणून टाकायचे. हे सगळे ज्याला शेती मिळाली त्या मुलाने करायचे.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला यात कंजूषपणा दिसतो. अनेक वर्षे वाचल्यावर मला यात भीती दिसते. सून घरात आल्यावर आपल्या बायकोला ओंडका फोडून कोण देईल, हे मरणाऱ्या माणसाला ठाऊक नसे. लिहिलेल्या ओळीवर ती कोर्टात जाऊ शकत होती, तोंडी शब्दावर नाही. म्हणून जितकी बारीक यादी, तितके संरक्षण. तरीही 'विधवा राहील तोवर' या अटीबद्दल मी त्या नवऱ्यांच्या बाजूने बोलणार नाही. युक्तिवाद असा असे की दुसरे लग्न केले तर तिला नवा नवरा पोसेल आणि आपल्या मुलांची जमीन परक्याच्या गुरांखाली जाऊ नये. पण त्याचा अर्थ असा झाला की दुसरे लग्न करणारी बाई आयुष्यभराच्या कष्टांचे घर सोडून निघे. बायका तरीही दुसरी लग्ने करत. डीकन ॲडम्स यांच्या पत्नी सुझॅना यांनीही १७६६ मध्ये पुन्हा लग्न केले आणि त्या १७९७ पर्यंत जगल्या. मुलगा राष्ट्राध्यक्ष झालेला त्यांनी पाहिला.

मुलींच्या वीस पौंडांकडे वळण्याआधी चलनाबद्दल सांगते, कारण १७४१ साल फसवे आहे. मॅसॅच्युसेट्सचे कागदी चलन, ज्याला जुना टेनर म्हणत, तेव्हा सतत घसरत होते. १७५० मध्ये प्रांताने ते बंद केले तेव्हा जुन्या टेनरचे साडेसात पौंड म्हणजे नव्या कायदेशीर चलनाचा एक पौंड असा दर बांधला. सहा शिलिंगांचा स्पॅनिश डॉलर जुन्या हिशेबात पंचेचाळीस शिलिंगांचा होता. त्या दराने वीस पौंडांचे होतात दोन पौंड तेरा शिलिंग चार पेन्स (पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स). १७४१ मध्ये घसरण अजून तितकी झाली नव्हती, पण चार वर्षांच्या मुदतीने मिळणारा पैसा हातात पडेपर्यंत नक्कीच हलका झालेला असे. म्हणून जागरूक बाप रक्कम चांदीच्या भावाने किंवा वस्तूंच्या रूपात बांधून ठेवत. तुमच्या कागदात रकमेपुढे काय लिहिले आहे ते नीट वाचा. दुसरी खूणगाठ तारखेची: १७५२ पर्यंत तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी ते मार्चमधल्या तारखेला म्हणूनच दोन साले लिहिलेली दिसतात. तुमचे मृत्युपत्र फेब्रुवारीतले असेल तर ते आपल्या हिशेबाने १७४२ चे असू शकते.

मुलींना जमीन क्वचित मिळे, आणि हे अन्यायच होते असे मला वाटते. कायद्याने बिनमृत्युपत्राच्या वाटणीत मुलीला धाकट्या मुलाइतका वाटा दिला होता, आणि बापाने मृत्युपत्र केले की बहुधा तो कमी होई. मृत्युपत्र ही मुलींच्या हक्काला लागलेली कात्री होती. एका गोष्टीने मात्र त्यांना आधार मिळे: बापाने त्यांची रक्कम धाकट्या भावाच्या जमिनीवर बोजा म्हणून ठेवलेली असे. धाकट्या भावाच्या बाजूनेही पाहा. त्याच्या डोक्यावर तीन बहिणींचे साठ पौंड, मधल्या भावाचे दहा, आईचे धान्य-सरपण आणि बापाची उरलेली देणी. बैलजोडी विकून किंवा दूरचे रान गहाण टाकून त्याने ते फेडलेले पुष्कळदा सापडते. 'अख्खी शेती मिळाली' म्हणताना हे कर्ज वजा करावे लागते.

थोरल्याचा दुप्पट वाटा आणि मुलींना जमिनीत वाटा, या दोन्ही गोष्टी लंडनच्या पसंतीस उतरतील याची खात्री नव्हती, हे सांगणे आवश्यक आहे. वेट स्टिल विन्थ्रॉप हे बॉस्टनचे बडे गृहस्थ १७१७ मध्ये मृत्युपत्राविना वारले. मुलगा जॉन आणि मुलगी ॲन, थॉमस लेचमियर यांची पत्नी. कनेक्टिकटमधल्या जमिनीत तिथल्या कायद्याप्रमाणे ॲनचाही हिस्सा ठरला. जॉनचे म्हणणे असे की इंग्लंडच्या कायद्याने सगळी जमीन एकट्या मुलाची. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींची अपिले ऐकणाऱ्या राजाच्या सल्लागार मंडळापर्यंत गेले आणि १७२८ मध्ये कौन्सिलने कनेक्टिकटचा वाटणीचा कायदाच रद्द ठरवला. वसाहतीत हाहाकार उडाला. तीन पिढ्यांच्या वाटण्या ज्या नियमावर झाल्या तोच बेकायदा ठरला, तर कुणाच्या जमिनीला पाया उरला? १७३८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या तशाच एका खटल्यात कौन्सिलने तिथला कायदा राखला, आणि १७४५ मध्ये कनेक्टिकटवरचे सावटही दूर झाले. म्हणजे तुमच्या शेतकऱ्याने १७४१ मध्ये लेखणी मागवली तेव्हा हा गोंधळ ताजा होता. थोडी जमीन असलेला माणूसही मृत्युपत्र करण्याकडे का वळे, याचे हे एक कारण असू शकते. थोरल्याचा दुप्पट वाटा मॅसॅच्युसेट्सने स्वातंत्र्यानंतर, १७८९ मध्ये, काढून टाकला.

दक्षिणेत चित्र फार वेगळे होते. व्हर्जिनियात बिनमृत्युपत्राची जमीन सगळी थोरल्याला जाई, आणि तिथल्या १७०५ च्या कायद्याने गुलाम माणसांना वारशासाठी स्थावर मालमत्ता ठरवले होते. जॉर्ज वॉशिंग्टनचे वडील १७४३ मध्ये वारले तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला फेरी फार्मची शेती आणि दहा गुलाम माणसे आली. तिकडच्या मृत्युपत्रांत गुलाम स्त्रीची अजून न जन्मलेली मुलेही लिहून वाटलेली असतात. न्यू इंग्लंड यापासून मुक्त होते असे समजू नका. तिथल्या मालमत्ता-याद्यांतही बैल आणि नांगर यांच्यामध्ये एखाद्या माणसाचे नाव आणि पुढे किंमत सापडते. तुमच्या यादीत तसे आढळले तर सुनेपासून लपवू नका. आणि सगळ्या वाटणीच्या मुळाशी असलेली जमीनही कुणाची तरी होती. अँडोव्हरची जमीन १६४६ मध्ये कटशमाशे या स्थानिक प्रमुखाकडून सहा पौंड आणि एका कोटाच्या बदल्यात घेतल्याची नोंद आहे.

आता शोध. प्रोबेटच्या वहीतली प्रत ही कारकुनाने उतरवलेली असते, तिच्यावर थांबू नका. त्याच क्रमांकाचे मूळ कागदांचे बाड मागवा. त्यात मूळ मृत्युपत्र, साक्षीदारांची नावे, शेजाऱ्यांनी केलेली मालमत्तेची यादी, व्यवस्थापकाचा हिशेब आणि नशीब असेल तर पावत्या असतात. न्यू इंग्लंडच्या यादीत जमीनही किमतीसह लिहिलेली असते, दक्षिणेत सहसा नसते, हा मोठा फायदा. पावत्या नक्की वाचा: मुलींच्या वीस पौंडांवर सही त्यांच्या नवऱ्यांची असेल, त्यावरून मुलींची सासरची नावे आणि पैसे खरोखर केव्हा मिळाले ते दोन्ही कळते. मृत्युपत्राच्या सुरुवातीचा आत्मा देवाला, देह मातीला असा मजकूर मात्र बापाच्या श्रद्धेचा पुरावा धरू नका, तो लिहिणाऱ्याच्या ठरावीक साच्यातला असतो.

त्यानंतर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) जमीन-खतांची सूची उघडा आणि बापाच्या नावाने 'देणारा' म्हणून १७१५ पासून पुढची प्रत्येक नोंद पाहा. थोरल्याच्या लग्नाच्या मागेपुढे त्याच्या नावे 'प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी' दिलेले एखादे रान सापडण्याची शक्यता मोठी आहे. न सापडल्यास न्यू हॅम्पशरच्या नोंदींकडे जा. हॅव्हरहिल आणि अँडोव्हरच्या लोकांना १७२५ मध्ये पेनाकुक इथे, म्हणजे आजच्या कॉन्कॉर्डला, नवी वस्ती मंजूर झाली होती, आणि अशा वस्त्यांमध्ये बापांनी मुलांसाठी घेतलेले हक्क भरपूर आहेत. धाकट्याच्या नावाने 'घेणारा' म्हणूनही शोधा. बापाच्या हयातीतच त्याने आईबापांना सांभाळण्याचा करार करून अर्धी शेती घेतली असेल, किंवा नंतर बहिणींकडून आणि मेव्हण्यांकडून हक्कसोड करून घेतली असेल. पुष्कळशी दप्तरे आता फॅमिलीसर्चवर आणि बॉस्टनमधल्या १८४५ साली स्थापन झालेल्या वंशावळ-संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतात, त्यामुळे पुण्यात बसूनही हे काम होते.

थोरल्याचे खत सापडले की त्यातली एकर आणि किंमत धाकट्याच्या यादीतल्या जमिनीशेजारी मांडा, दोन्ही एकाच चलनात आणून. मधल्याच्या नावापुढे खतात कोणता धंदा लिहिला आहे तेही टिपा. त्या दहा पौंडांसोबतची हत्यारे सुताराची होती की कातडे कमावणाऱ्याची, ते मालमत्तेच्या यादीत एकेक करून लिहिलेले असेल.